वनिताचं पान

पौषात आमच्या ऑफिसात कुणी ना कुणी वालाच्या शेंगा घेऊन येतं. मी कोर्टात टंकलेखक आहे. परवा शेजारच्या टेबलावरच्या पाटीलताईंनी घरच्या शेतातल्या शेंगांची पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि सोबत भांबुर्डीच्या पाल्याची एक जुडी. पोपटी लावायची तर हा पाला हवाच. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, वर पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाटीलताईंनी हे सगळं मला समजावून सांगितलं, आणि मी सांगू दिलं. त्या पाल्याचा उग्र, औषधासारखा वास दिवसभर फायलींना लागून राहिला. दुपारनंतर माझं कामात लक्ष राहिलं नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसांना पोपटी म्हटलं की आपलं शेत आठवतं, चुलतभावंडं आठवतात. मला आठवतो एक लांबलचक हॉल. भिंतीकडेला ओळीनं मांडलेल्या पत्र्याच्या चाळीस ट्रंका, दोरीवर वाळत घातलेल्या निळ्या रिबिनी, आणि नववीतला हिवाळा.

मुरुडच्या अलीकडे, समुद्राला चिकटून जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा होती. मुलींची निवासी शाळा. मागं सुरूचं बन, बनापलीकडं वाळू, त्यापलीकडं पाणी. पावसाळ्यात समुद्राचा आवाज थेट वर्गात यायचा आणि बाईंना ओरडून शिकवावं लागायचं. पण दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत यायचो तेव्हा तो पार बदललेला असायचा. लांब गेलेला, सपाट, दमलेल्या माणसासारखा. सकाळी वारा जमिनीकडून यायचा आणि कोळीवाड्यात वाळत घातलेल्या सुकटीचा वास घेऊन यायचा. आम्ही बहुतेक मुली आतल्या गावांतल्या, भातशेतीवाल्या. पहिल्या वर्षी त्या वासानं नाकाला ओढणी लावायचो. दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी गेलं की सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं, वास नाही.

पहाटे घंटा. मग बंबाच्या गरम पाण्यासाठी रांग. प्रत्येकीला एक बादली, बादलीवर ऑइलपेंटनं घातलेला नंबर. माझा सतरा. प्रार्थना, झाडलोट, पाव आणि चहा, अभ्यास, शाळा, कवायत, पुन्हा अभ्यास. तेव्हा वाटायचं, कधी एकदा हे संपतंय. आता माझ्या फ्लॅटमध्ये गरम पाण्याचा नळ आहे, आणि त्याच्याशी मला दोन शब्द बोलता येत नाहीत. बंबाच्या रांगेत दिवसभराचं बोलून व्हायचं.

त्या रांगेत माझ्यापुढं वनिता असायची. तिचा नंबर सोळा.

वनिता तळा गावाच्या बाजूची. डोंगराच्या कुशीत सात-आठ घरांची वाडी, खाली खाडी. वडील मुंबईला कुठल्याशा सोसायटीत वॉचमन, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारे. आई शेती करायची. आठवीच्या पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव उच्चारलं, तेव्हा ती उठून म्हणाली, "व्हय, मी हाय." सगळा वर्ग हसला. सगळ्यात आधी कोण हसलं, हे मला माहीत आहे. मी हसले. वनिता वळून बघून माझ्याबरोबर हसायला लागली. तिला वाटलं, काहीतरी गंमत झाली असणार.

मी का हसले तेही सांगायला हवं. आमच्या घरात 'हाय' आणि 'न्हाय' म्हणायला बंदी होती. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. आजोबांनी धम्म स्वीकारला त्या पिढीपासून आमच्या घरात शिक्षणाला देवाची जागा होती. वडील सांगायचे, लहानपणी त्यांनी तोंड उघडलं की समोरचा माणूस ते कुठल्या वस्तीतले आहेत ते ओळखायचा आणि दोन पावलं मागं सरायचा. म्हणून मी आणि माझा भाऊ बोलायला लागलो तेव्हापासून ते आमचा प्रत्येक शब्द घासूनपुसून घ्यायचे. आणायचं, आनायचं नाही. पाणी, पानी नाही. जेवताना चुकलं तर घास हातातच धरून शब्द पुन्हा म्हणायचा. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट अभिमान होता. शाळेत आले तेव्हा माझं बोलणं आणि माझं अक्षर, या दोन गोष्टी सोडून माझ्याकडं मिरवण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही विहिरीजवळच्या दगडांवर कपडे धुवायचो. केस धुऊन मोकळे सोडलेले, पाठीवर हिवाळ्याचं ऊन. तिथं वनिता बोलायला लागायची आणि साबण हातात तसाच विरघळत राहायचा. तिच्या वाडीतले एक आजोबा तळ्याला निघाले आणि चुकून म्हसळ्याच्या गाडीत बसले. उतरल्यावर कळलं, पण परतीची गाडी संध्याकाळी. मग काय, ओळखीपाळखी काढत एका घरी जेवले, दुपारी तिथंच आडवे झाले आणि संध्याकाळी परत आले ते नातवाची सोयरीक ठरवून. वनिता हे सांगताना आजोबा व्हायची, कंडक्टर व्हायची, म्हसळ्यातली ती यजमानीणही व्हायची. हिवाळ्यात त्यांच्या वाडीवरचा ओढा बारीक होतो, त्याबद्दल एकदा ती सहज म्हणाली होती की थंडीत पाणी पन हळू बोलतं. मी पिळे घालत होते. हात थांबले होते एवढं आठवतं.

पोपटीही तीच लावायची. वर्षातून एका शनिवारी बाई परवानगी द्यायच्या, शाळेशेजारच्या शेतकऱ्याकडून शेंगा यायच्या. संध्याकाळी मैदानात जाळ पेटायचा. पोपटी शिजली की नाही ते वनिता मडक्यावर पाण्याचा हबका मारून, कान देऊन ऐकायची आणि सांगायची, आजून न्हाय. आम्ही चाळीसजणी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. मग परत हबका. परत कान. "हां, झाली." मडकं उघडल्यावर वाफ अंगावर यायची आणि त्या वाफेत सगळ्यांचे चेहरे नाहीसे व्हायचे. शेंगा बोटं भाजत सोलायच्या. थंडी, धूर, ओव्याचा स्वाद. तेव्हा मला वाटायचं की हे असंच दरवर्षी होत राहणार आहे, आपण फक्त इयत्ता बदलायची.

नववीच्या हिवाळ्यात बाईंनी मला हस्तलिखिताची संपादक केलं.

आमच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनासाठी मुलींनी हातानं लिहिलेला एक अंक निघायचा. जाड कागद, पेन्सिलीनं हलक्या रेघा आखून काळ्या शाईनं मजकूर, लाल शाईनं शीर्षकं, कडेला वेलबुट्टी, आणि शेवटी सगळी पानं शिवून पुठ्ठ्याचं वेष्टन. एकच प्रत. पाहुण्यांच्या हस्ते ती उघडायची, मग वर्षभर ती वाचनालयात साखळीशिवाय पण साखळी असल्यासारखी राहायची. त्या वर्षीचं नाव होतं 'भरती'. आमच्या बाई, ज्या वर्गात मराठी शिकवायच्या आणि वसतिगृहात रेक्टर होत्या, त्यांनी मला नवीन पेनांची डबी दिली. संपादक म्हणजे मुलींकडून लेखन गोळा करायचं, तपासायचं आणि स्वच्छ अक्षरात उतरवायचं.

कविता पुष्कळ आल्या. सगळ्या 'माझी शाळा' आणि 'माझा देश'. लेख कमी होते. मी वनिताच्या मागं लागले. तिला मराठीत जेमतेम पास होण्यापुरते मार्क असायचे, ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, दगडावर बसून सांगतेस तेच कागदावर उतरव. तिनं विचारलं, "माज्यासारखं लिवलं तर चालंल?"

"तू लिही गं," मी म्हणाले. "पुढचं मी बघते."

चार दिवसांनी तिनं वहीतून फाडलेलं एक पान आणून दिलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी, खाडाखोड करून. ती पहिल्यांदा शाळेत यायला निघाली त्या दिवसाबद्दल होतं. आई वाडीवरून खाली रस्त्यापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन आली. गाडीला उशीर होता. दोघी उभ्या. आईनं तिला तीनदा विचारलं, भूक लागली का. मग गाडी आली. त्यातली सगळी वाक्यं मला आता आठवत नाहीत, आठवण्याचा प्रयत्न मी किती वर्षं केला आहे ते माझं मला ठाऊक. पण शेवटची आठवतात. तिनं लिहिलं होतं:

"गाडी सुटली. मी मागं बगितलं. आय गाडीकडं बगत न्हवती. मी उबी व्हते तितं बगत व्हती. मी आजून तितंच हाय, आसं."

मी ते वाचलं आणि मला वाईट वाटलं. तिच्यासाठी. पाहुणे येणार, गावातले लोक येणार, आणि हिचं हे असलं पान बघून सगळे हसतील, जसे पहिल्या दिवशी हसले होते. मला तिला वाचवायचं होतं. हे मी आज स्वतःची बाजू मांडायला म्हणत नाही, त्या वेळी खरंच तसं वाटत होतं. एका रविवारी वाचनालयात बसून मी ते पान 'सुधारलं'. आयची आई केली. मग आई साधी वाटली म्हणून मातोश्री केली. शेवट तर मला अपुराच वाटला. आई नुसती जमिनीकडं बघते, हा काय शेवट झाला? मी लिहिलं, बस सुटताच माझ्या मातोश्रींच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या. पदराने डोळे टिपत त्या दूरपर्यंत हात हलवत राहिल्या. आई ही वात्सल्याचा सागर असते.

सागर या शब्दाभोवती मी निळ्या शाईनं लाटा काढल्या.

बाईंनी तपासलं आणि कडेला पेन्सिलीनं 'उत्तम' लिहिलं. मग मुलींची सगळी कच्ची पानं मी गोळा केली आणि स्वयंपाकघरातल्या मावशींना दिली. त्यांना बंब पेटवायला कागद लागायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत वनिताच्या बादलीत पाणी पडलं, मग माझ्या. आम्ही दोघींनी त्या पाण्यानं आंघोळ केली. मला हे सुचलं तेही फार उशिरा.

तिनं एकदा विचारलं होतं, माजं पान कसं झालं. मी म्हटलं, संमेलनात बघ.

संमेलनाला नारळाच्या झाडांखाली मांडव घातला होता. अलिबागकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक पाहुणे होते, गोरे, थकलेले, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी 'भरती' उघडली, अक्षराचं कौतुक केलं, चार पानं उलटली आणि एका पानावर थांबले. मी फुलांचं तबक घेऊन मंचाच्या कडेला उभी होते. ते पान मी तिथूनही ओळखलं, निळ्या लाटांमुळे. त्यांनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आलेल्या बायकांपैकी काहीजणींनी पदर डोळ्यांना लावला. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या आणि त्यांनी विचारलं, इतकी संस्कारी भाषा लिहिणारी ही वनिता कोण.

वनिता नाचाच्या पोशाखात होती. तिसऱ्या नंबरावर तिचा नाच होता. डोक्यात अबोलीचा गजरा, गालांना लाली. ती मंचावर आली. पाहुण्यांनी माईक तिच्याकडं सरकवला आणि म्हणाले, बाळ, हे कसं सुचलं ते सांग.

तिनं गजरा सारखा केला. मग माईकमध्ये म्हणाली, "ह्ये मी न्हाय लिवलेलं."

मांडवात हशा पिकला. त्या न्हायला हसले की लाजाळू मुलगी म्हणून हसले, कोण जाणे. पाहुण्यांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. वनितानं पाहिलं नाही. तिथं, तबक हातात धरून, मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी बोललेही. मी म्हणाले, "मी फक्त शुद्धलेखन तपासलं."

पाहुणे हसले. वनिताच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, विनयही आहे. मग पुढचा कार्यक्रम.

वनिता नाचली. एकही पाऊल चुकलं नाही. नाच संपल्यावर मी मागं गेले तेव्हा ती वर्गाच्या पायरीवर बसून हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक काढून ट्रेमध्ये ठेवत होती, कारण त्या भाड्यानं आणलेल्या होत्या. मी काहीतरी बोलत होते, पाहुणे किती खूश झाले वगैरे. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"माजी आय रडली न्हवती गं," ती म्हणाली. "तू तिला रडवलीस."

त्यानंतर तिनं तिची ट्रंक हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेली. भांडण झालं नाही, अबोला नव्हता. उलट ती माझ्याशी फार व्यवस्थित बोलायला लागली. तू जेवलीस का? तुझी वही मिळेल का? आभारी आहे. प्रत्येक शब्द घासूनपुसून, माझ्या वडिलांनी ऐकला असता तर पूर्ण मार्क दिले असते. फक्त माझ्याशी. बाकीच्यांशी ती पूर्वीसारखीच होती. रविवारी दुपारी मी वाचनालयात बसलेली असायचे आणि भिंतीपलीकडून विहिरीवरचं हसणं ऐकू यायचं. आधी तिचा आवाज, लयीत, वरखाली होणारा. मग सगळ्यांचं हसू फुटायचं. शब्द ऐकू यायचे नाहीत. खिडकीला कान लावला तरी नाही. माझी आठवण म्हणजे बरीचशी हीच आहे. हातात पेन, पुढं पुस्तक, आणि न ऐकू येणारी एक गोष्ट.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पालक भेटायला यायचे. वडील आले, नेहमीसारखी खारीची पुडी घेऊन. मी त्यांना वाचनालयात नेऊन 'भरती' दाखवली. त्यांनी चष्मा लावून एकेक पान पाहिलं. वनिताच्या पानाशी मी त्यांना सगळं सांगितलं. तिची चूक झाली असं सांगायचं होतं मला, पाहुण्यांसमोर शाळेची शोभा झाली असं. पण सांगता सांगता माझाच आवाज बारीक झाला. वडिलांनी ते पान पुन्हा वाचलं. मग विचारलं, तिनं आधी काय लिहिलं होतं? मी ते शेवटचं सांगितलं, माझ्या शुद्ध भाषेत. ते म्हणाले, तसं नाही, तिचं सांग. मी तिचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांसमोर मी न्हवती म्हणाले आणि व्हते म्हणाले, आणि ते मध्ये बोलले नाहीत.

त्यांनी अंक मिटला. "मी तुला शुद्ध बोलायला लावलं ते लोकांनी हसू नये म्हणून," ते म्हणाले. "त्या पोरीला कोण हसत होतं?"

मी अंक जागेवर ठेवून दिला. त्यांना उत्तर नको असावं. आम्ही सुरूच्या बनातून वाळूपर्यंत चालत गेलो. ओहोटी होती. त्या दिवशी वडील बोलले ते त्यांच्या आईबद्दल. ती जात्यावर बसून जे म्हणायची त्यातलं त्यांना आता काहीच आठवत नाही, कारण त्यांनी ते सगळं विसरून जायचं ठरवलं होतं. गाडीची वेळ झाली म्हणून ते निघाले. नेहमी वळून हात करायचे, त्या दिवशी विसरले.

दहावीनंतर आम्ही पांगलो. निकालाच्या दिवशी वनिता भेटली, पास झाली होती. "पुन्हा भेटू," म्हणाली. भेटलो नाही. मी कॉलेज केलं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, कोर्टात लागले.

कोर्टात साक्षीदार येतात. कुणी म्हणतो, मी तवा भात झोडत व्हतो. कागदावर उमटतं, मी त्या वेळी भात झोडणीचे काम करीत होतो. त्यात गैर काही नाही, कामकाजाची भाषा ठरलेली असते, आणि अर्थ इकडचा तिकडं होऊ नये याची सगळे काळजी घेतात. मीही घेते. जबानी झाली की साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि विचारतात, बरोबर आहे का. बहुतेक जण व्हय म्हणतात. त्या व्हयपाशी माझी बोटं किंचित अडखळतात. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत एका लग्नासाठी तळ्याला गेले होते. लग्न लागल्यावर न राहवून चौकशी केली. गाव लहान, दोन माणसांत पत्ता लागला. वनिता तिथून जवळच्याच एका गावात दिली होती आणि अंगणवाडीत मदतनीस होती. मी गेले तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती. केस कानाशी पिकलेले. मला बघून सूप खाली ठेवलं आणि नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "सतरा नंबर." आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून तिची मुलगी बाहेर आली.

चहा झाला. नवरा, सासू, मुलीची बारावी, माझी नोकरी, माझे वडील, सगळं झालं. तिची आई चार वर्षांपूर्वी गेल्याचं कळलं. मग मी ते काढलं. म्हटलं, वनिता, ते पान. माझ्याकडून चूक झाली होती. मांडवात मी खरं बोलायला हवं होतं. मी हे वाक्य इतक्यांदा मनात म्हटलं होतं की तोंडातून येताना ते पाठ केल्यासारखं वाटलं.

ती आधी हसली, काय तू पन, म्हणाली. मग म्हणाली, "मी काय लिवलं व्हतं, मला न्हाय आठवत. तू लिवलंस त्ये पाठ हाय." आणि तिनं म्हणून दाखवलं. मातोश्री, अश्रूंच्या धारा, वात्सल्याचा सागर. एकही शब्द न चुकता, शाळेत कविता म्हणायचो त्या चालीत.

मी तिला तिची वाक्यं सांगितली, माझ्याजवळ राहिलेली तेवढी. तिनं मान खाली घालून ऐकली. "आसं लिवलं व्हतं मी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती उठली, आत गेली, आणि बराच वेळ आली नाही. आत भांडी लावल्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा हातात माझ्यासाठी बांधलेली तांदळाची पिशवी होती. त्याविषयी पुढं काही बोलणं झालं नाही.

तेव्हापासून ती मला रोज सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवते. गुलाब, कमळ, त्यावर सोनेरी अक्षरांत सुविचार, अगदी शुद्ध मराठीत. मीही उलट फुलं पाठवते. वर्षभर आमचं हे असं चाललं होतं. कधी फोन झाला तर कशी आहेस, बरी आहे. ती माझ्याशी अजून 'आहे' म्हणते हे मला ऐकू यायचं. अंगणात त्या दिवशी जे उघडलं होतं ते पुन्हा मिटलं होतं, आणि मी ते उघडायला जाऊ नये इतपत शहाणपण मला आलं होतं.

पाटीलताईंनी पिशवी ठेवली त्याच दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या आवारातल्या पिंपळाखाली उभी राहून तिला फोन लावला. कारण काही नव्हतं. तिनं विचारलं, काय काम होतं. मी म्हटलं, काही नाही, तू सांग काहीतरी.

"काय सांगू?"

"काहीही."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. तिची मुलगी जूनमध्ये नर्सिंगला मुंबईला गेली, हॉस्टेलवर, एवढं मला माहीत होतं. वनिता हळूहळू म्हणाली, मुलगी गेली त्याला सहा महिने झाले. मग ती थांबली आणि पुढचं ती विहिरीवर गोष्ट सांगायची त्या आवाजात बोलली, जो मी पंचवीस वर्षांत जवळून ऐकला नव्हता.

"रोज एक भाकर जास्त व्हते. मला ठावं हाय ती गेली. हाताला ठावं न्हाय."

मी फोन कानाला घट्ट धरला. सुट्टी संपून आवारात पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला, ते माझंच कोर्ट होतं. मी विचारलं, मग त्या भाकरीचं काय करतेस?

"म्हशीला घालते," ती म्हणाली. "म्हस लई खूश हाय, पोरगी गेल्यापास्नं."

मला हसू आलं आणि हसताना दिसेनासं झालं. तीही हसत असावी, किंवा नसावी. दुसरा पुकारा झाला. मी म्हटलं, वनिता, मला आत बोलावतायत.

"थांब गं," ती म्हणाली. "आजून हाय."

मी थांबले.